वीट बदलली, हात तोच राहिला: ब्लॉकच्या भिंतींना भेगा का पडतात?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो, रंग ताजा असतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीवर एक बारीक रेघ उमटते. कॉलमला लागून, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीने ओढावी तशी सरळ. आठवडाभराने दुसरी दिसते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली. घरातलं कुणी मोठं माणूस भिंतीवर बोटाने टकटक करून बघतं. आवाज पोकळ येतो. निकाल तिथेच लागतो: "हे ब्लॉक वापरलेत ना, त्याचा परिणाम. विटेचं घर असं फुटत नाही."

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्यांपुढे हाच पेच आधी येतो. कंत्राटदार म्हणतो ब्लॉक घेऊ, काम लवकर उरकेल. जुना गवंडी म्हणतो, साहेब, विटेला तोड नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण भेगांचा दोष बहुतेक वेळा ब्लॉकचा नसतो. विटेसाठी घडलेल्या सवयी जशाच्या तशा ब्लॉकवर वापरल्या जातात, तिथे सगळं बिनसतं. ते कसं, हे कळायला ब्लॉक मुळात काय आहे इथून सुरुवात करावी लागेल.

## ब्लॉक म्हणजे दगडाचा ढोकळा

बांधकामावर ज्याला नुसतं 'ब्लॉक' म्हणतात, पुण्या-मुंबईकडे अजूनही अनेक जण 'सिपोरेक्स' म्हणतात, तो एएसी ब्लॉक. वाफेवर शिजवलेलं, हवा भरलेलं काँक्रीट असा त्याचा अर्थ. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान अ‍ॅक्सेल एरिकसन या वास्तुविशारदाने तो विकसित केला. सिपोरेक्स हे नावही मूळचं तिकडचंच.

आपल्याकडे त्याचा मुख्य घटक म्हणजे औष्णिक वीज केंद्रांतली राख, म्हणजेच फ्लाय अ‍ॅश. वजनाने साधारण दोन तृतीयांश तीच असते. तिच्यात चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि पाणी घालून पातळ पीठ करतात. शेवटी चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड पडते. एका घनमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास, पण सगळी करामत तिचीच. चुन्याच्या पाण्याशी तिचा संयोग झाला की हायड्रोजन वायूचे बारीक बुडबुडे सुटतात आणि साच्यातलं पीठ ढोकळ्यासारखं फुगतं. दोन-तीन तासांत ते सुरीने कापण्याइतकं घट्ट होतं. मग ताणलेल्या तारांनी त्याच्या वड्या पाडतात आणि त्या मोठ्या बंद पिंपांत वाफेवर ठेवतात. तापमान १८० ते १९० अंश, दाब घरच्या कुकरच्या पाच-सहापट, वेळ आठ ते बारा तास. राख, चुना आणि सिमेंट यांचा दगडासारखा नवा स्फटिक तयार होतो तो याच शिजण्यात.

बाहेर येणारा ब्लॉक ६०० मिलिमीटर लांब, बहुधा २०० मिलिमीटर उंच आणि १००, १५० किंवा २०० मिलिमीटर जाड असतो. साइटवर त्याला चार इंची, सहा इंची, आठ इंची म्हणतात. कोरड्या ब्लॉकचं वजन घनमीटरला ५५० ते ६५० किलो. भाजलेल्या विटेचं १६०० च्या पुढे. म्हणून ब्लॉक पाण्यावर तरंगतो.

## वीट कोरडी येते, ब्लॉक ओला येतो

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

लाल वीट भट्टीत भाजून निघते. तिच्यातलं पाणी तिथेच उडून जातं आणि आटायचं तेवढं ती आटून घेते. साइटवर येते तेव्हा ती कोरडी ठणठणीत, तहानलेली असते. म्हणून तर गवंडी ती आधी पाण्यात बुडवतो. कोरडीच लावली, तर मालातलं (जोडायच्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेईल आणि सांधा कच्चा राहील.

ब्लॉकचं नेमकं उलटं आहे. तो वाफेत शिजतो, त्यामुळे कारखान्यातून निघताना त्याच्या पोटात स्वतःच्या वजनाच्या पाव भागाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी असतं. हे पाणी पुढचे अनेक महिने हळूहळू बाहेर पडतं आणि पडताना ब्लॉक आकसतो. पहिल्या धुण्यानंतर सुती सदरा आटतो, तसा. भारतीय मानक आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात या आटण्याला मर्यादा घातली आहे. पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला ०.०५ टक्के, दुसऱ्या प्रतीला ०.१० टक्के. आकडा किरकोळ वाटतो. पण तीन मीटर लांब, म्हणजे जेमतेम दहा फुटांची भिंत धरली, तर ०.०५ टक्के म्हणजे दीड मिलिमीटर. दुसऱ्या प्रतीचा ब्लॉक असेल तर तीन मिलिमीटर. भिंत दोन्ही बाजूंनी कॉलमला जखडलेली असते, तिला आकसायला जागा नसते. मग कुठेतरी दीड मिलिमीटरची फट पडणारच.

आता यात सवय मिसळा. ट्रक येतो, ब्लॉक रस्त्याकडेला मातीवर उतरतात, पावसात भिजतात. बिगारी विटेच्या सवयीने त्यांच्यावर पाइपने पाणी सोडतो. चार दिवसांत भिंती उभ्या राहतात, पंधराव्या दिवशी प्लास्टर होतं, त्यावर सात दिवस भरपूर पाणी मारलं जातं. भिंत आतून चिंब असताना बंद होते, आणि एप्रिल-मे लागला की वाळू लागते. पहिल्याच उन्हाळ्यात भेग दिसते ती यामुळे.

## भेग वाचायची कशी

भेग कुठे आहे आणि कोणत्या दिशेने जाते, यावरून काम कुठे चुकलं ते बऱ्यापैकी ओळखता येतं.

कॉलमला लागून उभी सरळ रेघ. सगळ्यात जास्त दिसणारी. काँक्रीटचा कॉलम आणि ब्लॉकची भिंत हे दोन वेगळ्या स्वभावांचे शेजारी. उन्हात त्यांचं प्रसरण वेगळं, आटणं वेगळं. त्यांच्यामधल्या उभ्या सांध्यात माल नीट भरला नाही, सळईचे तुकडे घालून भिंत कॉलमला बांधली नाही आणि प्लास्टरखाली जाळी मारली नाही, तर प्लास्टर त्या रेषेवर फाटतं. दिसायला वाईट, इमारतीला धोका नाही.

बीमच्या पोटाखाली आडवी रेघ. भिंत एकाच दिवसात वरपर्यंत नेली आणि शेवटचा थर बीमखाली ठोकून बसवला, तर ही येते. खालच्या थरांचा माल सुकताना किंचित बसतो, भिंत खाली सरकते आणि वर फट राहते. उलटही घडतं. वरच्या मजल्याचं वजन आलं की बीम थोडा वाकतो आणि घट्ट ठोकलेल्या भिंतीवर टेकतो. जे वजन भिंतीने पेलायचंच नव्हतं ते तिच्यावर येतं, आणि ती मध्येच फुटते.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी. फरसाणाच्या पुडीला कडेला बारीक काप असतो आणि पुडी तिथूनच फाटते. भिंतीत खिडकीचा कोपरा म्हणजे असा काप. सगळा ताण तिथे गोळा होतो. खिडकीच्या खालच्या अंगाला काँक्रीटचा पट्टा घातला नसेल, किंवा वरचा लिंटेल (खिडकी-दारावरची काँक्रीटची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना किमान २०० मिलिमीटर टेकवला नसेल, तर ताण ब्लॉक फाडत जातो.

लांब भिंतीच्या मधोमध उभी, ब्लॉक चिरत गेलेली. हिचं कारण बहुतेकांना पटत नाही: माल फार तगडा होता. मालकाला वाटतं सिमेंट जास्त तर भिंत पक्की, म्हणून तो १:३ चा, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू असा माल करायला लावतो. पण सांधा ब्लॉकपेक्षा कमजोर असावा लागतो. कमजोर सांध्यात आकसण्याचा ताण दहा ठिकाणी विखुरतो, दहा अदृश्य केसभेगा पडतात आणि रंगाखाली झाकून जातात. तगडा सांधा अजिबात हलत नाही, ताण साठत राहतो आणि शेवटी ब्लॉकच फुटतो, एकाच ठिकाणी, ठसठशीत.

स्विचबोर्डकडे जाणारी. वायरिंगच्या पाइपसाठी छिन्नी-हातोड्याने झिरी मारल्याची ही खूण. ब्लॉक ठोके सहन करत नाही, आतल्या आत तडकतो.

प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. हा दोष भिंतीचा नाही, गिलाव्याचा आहे. कृत्रिम वाळूत दगडाची पूड जास्त असेल, प्लास्टरमध्ये सिमेंट जास्त पडलं असेल किंवा जाडी २० मिलिमीटरच्या वर गेली असेल, तर असं होतं. नदीच्या वाळूची जागा आता सगळीकडे कृत्रिम वाळू घेते आहे, त्यामुळे हा दोष जास्त दिसणार. प्लास्टरसाठी धुतलेली, वेगळी चाळलेली वाळू मिळते, तीच मागा. जोडकामाची भरड वाळू किंवा क्रशरची कच चालवून घेऊ नका.

या सगळ्या वरवरच्या. काळजीची लक्षणं वेगळी आहेत. भेग खुद्द कॉलमवर किंवा बीमवर आहे, रुंदी तीन मिलिमीटरच्या पुढे गेली आहे, महिन्यागणिक वाढते आहे, त्याच भिंतीतलं दार अचानक घासायला लागलं आहे. यातलं एक जरी दिसलं तरी रंगाऱ्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

## ब्लॉकचं काम कसं व्हायला हवं

काम अवघड नाही. घाई करायची नाही आणि पाणी जपून वापरायचं, एवढंच खरं पथ्य.

ब्लॉक फळ्यांवर किंवा पॅलेटवर रचा, वरून ताडपत्री टाका, बाजूंनी वारा खेळू द्या. तीन-चार आठवडे वाळायला मिळाले तर उत्तम. लावण्यापूर्वी त्याला आंघोळ घालायची नाही. ब्रशने धूळ झटकायची आणि फार कोरडा असेल तर ओल्या ब्रशचा हात फिरवायचा.

जोडायला दोन पर्याय आहेत. एक म्हणजे पोत्यात तयार मिळणारा पातळ सांध्याचा माल, ज्याला साइटवर 'केमिकल' म्हणतात. त्यात सिमेंट, बारीक वाळू आणि पाणी धरून ठेवणारे पॉलिमर असतात. सांधा फक्त तीन मिलिमीटरचा आणि त्यावर पाणी मारायची गरज नाही. दुसरा पर्याय नेहमीचा वाळू-सिमेंटचा माल, १:६, सांधा १० ते १२ मिलिमीटर. पहिलाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण भिंतीत पाणीच कमी जातं, आणि आपलं सगळं भांडण पाण्याशी आहे.

मात्र सांधा तीन मिलिमीटरचा असला की खालची चूक वर झाकता येत नाही. म्हणून पहिला थर जाड मालावर, १:४ च्या, नीट पाणसळीत बसवावा लागतो. त्यावर घालवलेला अर्धा दिवस पुढे वसूल होतो. माल दातेरी थापीने पसरवायचा, आणि आडव्या सांध्याबरोबर उभ्या सांध्यातही भरायचा. ही चूक फार सर्रास होते: आडवा सांधा भरतात, उभा कोरडाच ठेवतात. प्लास्टर झालं की कुणालाच दिसत नाही. काम चालू असताना भिंतीच्या पलीकडे उभं राहून बघा. उभ्या सांध्यातून उजेड दिसला, तर तिथे माल नाही.

एका दिवसात चार-साडेचार फुटांपेक्षा वर जायचं नाही. चार इंची भिंतीला दर तीन-साडेतीन फुटांवर काँक्रीटचा आडवा पट्टा, ७५ ते १०० मिलिमीटर उंच, त्यात ८ मिलिमीटरच्या दोन सळया. कॉलमला आधी टाचे मारून (छिन्नीने टोचून पृष्ठभाग खरखरीत करून) घ्यायचे आणि दर दोन-तीन थरांनी ६ किंवा ८ मिलिमीटरच्या सळईचा तुकडा कॉलममध्ये भोक पाडून बसवून भिंतीच्या सांध्यात घ्यायचा. बीमखाली अर्धा इंच फट ठेवायची आणि किमान आठवडाभर, जमल्यास वरच्या मजल्यांचं वीटकाम होईपर्यंत, तशीच ठेवायची. मग ती फुगणाऱ्या फोमने किंवा हलक्या मालाने भरायची.

झिरी पाडायची ती भिंत पूर्ण होऊन दोन आठवडे झाल्यावर, कटर मशिननेच, उभी, आणि भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नाही. आडवी लांब झिरी भिंतीला कंबरेत वाकवते, ती टाळाच. पाइप बसल्यावर माल भरून वर जाळी मारायची.

प्लास्टरला जितका उशीर कराल तितकं चांगलं, महिनाभर तरी. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे जिथे भेटतात, तिथे एक फूट रुंदीची जाळी, दोन्हीकडे सहा-सहा इंच, नीट ताणून ठोकलेली. सैल जाळी प्लास्टरला धरत नाही, उलट त्याला भिंतीपासून दूर ढकलते. ब्लॉकचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि धुळकट असतो, म्हणून आधी सिमेंट आणि भरड वाळूचा पातळ शिडकावा मारून खरखरीत करून घ्यायचा. मग आतून १२ मिलिमीटर, १:६ चं प्लास्टर. पाणी मारायचं ते फवाऱ्याने, भिंत ओलसर राहील इतपत. पाइप धरून भिंत धुवायची नाही.

## मग एवढं सांभाळण्यापेक्षा वीटच बरी नाही का?

रास्त प्रश्न आहे. जमिनीवर एक मजली घर बांधायचं आहे, जवळच चांगली भाजलेली वीट मिळते आणि गवंडी विटेतला मुरलेला आहे, तर वीट जरूर घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पण मजले वाढले की वजनाचा हिशेब बोलू लागतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरशिवाय सुमारे चार टन भरते. तेवढीच सहा इंची ब्लॉकची भिंत एका टनाच्या आसपास. हे वजन बीम, कॉलम आणि पायापर्यंत जातं. सळईत बचत होते ती इथे. फक्त ती तेव्हाच होते, जेव्हा आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचं, डिझाइन करतानाच इंजिनिअरला 'भिंती ब्लॉकच्या' असं सांगितलेलं असतं. डिझाइन विटेच्या वजनावर झालं आणि नंतर ब्लॉक आणले, तर सळईचा एक तुकडाही वाचत नाही.

वजनाचं दुसरं टोक भूकंपाशी जोडलेलं आहे. जमीन हादरते तेव्हा इमारतीवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडलं, त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचं मातीचं जड छप्पर यांनी हजारोंचे प्राण घेतले. हलकी भिंत कमी जोर ओढवून घेते. पण ती चौकटीला सळईने आणि पट्ट्यांनी बांधलेली नसेल, तर हलकी भिंतही अख्खीच्या अख्खी बाहेर पडू शकते. भेगांसाठी सांगितलेले तेच पट्टे आणि त्याच सळया इथे जीव वाचवतात, म्हणून त्यांच्यात काटकसर करू देऊ नका.

मातीचाही प्रश्न आहे. विटेसाठी शेतातला वरचा सुपीक थर खरवडला जातो, आणि भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. तिकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळच्या वीज केंद्रांतून राखेचे डोंगर तयार होतात. केंद्र सरकारने १९९९ पासून अधिसूचना काढून या राखेचा बांधकामात वापर वाढवण्यावर जोर दिला आहे. तेव्हा ब्लॉक मागे जाईल अशी चिन्हं नाहीत. त्याच्याशी नीट वागायला शिकणंच हिताचं.

## "ठोकलं की पोकळ वाजतं, म्हणजे भिंत कच्ची?"

नाही. आत हवा आहे, म्हणून तसं वाजतं. आयएस मानकानुसार ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉकने दर चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन दाब सोसला पाहिजे. सध्याच्या इमारतींत वजन कॉलम-बीम पेलतात, भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते. त्याला हे पुरेसं आहे. मात्र ४५१ ते ५५० घनतेच्या ब्लॉकला मानकच २ न्यूटनवर समाधान मानतं, तेव्हा बिलावर घनता आणि प्रत लिहून घ्या.

आवाजाच्या बाबतीत मात्र तक्रार खरी आहे. आवाज अडवायला वजन लागतं. त्यामुळे चार इंची ब्लॉकच्या भिंतीपलीकडचं बोलणं नऊ इंची विटेपेक्षा जास्त ऐकू येतं. शेजाऱ्यासोबतची सामायिक भिंत किमान आठ इंचीच घ्या.

उष्णतेत ब्लॉक जिंकतो. त्यातून उष्णता विटेच्या साधारण एक तृतीयांश वेगाने आत येते, गोधडीत अडकलेली हवा थंडी अडवते त्याच न्यायाने. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला याचा फरक जाणवतो. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर मुख्य भट्टी डोक्यावरचा स्लॅब आहे. तो उघडा तापत असेल, तर भिंतीने फार काही साधत नाही.

## "खिळा ठोकला की भसकन निघतो, गिझर लावायचा कसा?"

साधा खिळा आणि लाकडी गुट्टी विसरा. कॅलेंडर, फोटो यांना ब्लॉकसाठीचे रुंद आट्यांचे नायलॉन प्लग मिळतात. भोक पाडताना ड्रिलची हातोडी बंद ठेवायची, नुसतं फिरवून भोक पाडायचं. हातोडी चालू राहिली तर सहा मिलिमीटरचं भोक दहाचं होतं आणि प्लग सैल पडतो.

पंचवीस लिटरचा गिझर पाण्याने भरला की पस्तीस किलोच्या घरात जातो. स्वयंपाकघरातली भांड्यांनी भरलेली वरची कपाटं त्याहून जड. अशा ठिकाणी बांधतानाच ब्लॉकऐवजी काँक्रीटचा ठोकळा बसवून घ्यावा, खर्च नगण्य येतो. भिंत झालेली असेल, तर आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी, किंवा रसायनाने चिकटणारे अँकर. दाराच्या चौकटीचे होल्डफास्टही (चौकट भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी पट्टे) काँक्रीटच्या गादीतच बसवा. दार आपटून-आपटून चौकट हलते ती इथे कसूर झाल्यामुळे.

## कोकणातल्या पावसाचं काय?

ब्लॉकमधली बहुतेक छिद्रं एकमेकांपासून बंद असतात, तरी तो पाणी ओढतो, कडेने बिस्किटासारखं. म्हणून जोत्याच्या खाली आणि जमिनीलगत तो वापरायचा नाही. जोत्यावर ओलरोधक थर, त्यावर पहिले एक-दोन थर भरीव काँक्रीट ब्लॉकचे, मग एएसी. बाथरूममध्ये तळाला काँक्रीटचा कठडा आणि भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा थर चढवूनच टाइल.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात किंवा मुंबईत वाऱ्या-पावसाच्या तोंडावरची भिंत आठ इंची हवी, बाहेरून दोन हातांचं प्लास्टर हवं, आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. जागा वाचते म्हणून तिथे सहा इंची बाह्यभिंत घेऊ नका.

## स्वस्त पडतं का?

हजार विटांचा दर आणि घनमीटर ब्लॉकचा दर शेजारी ठेवून काही कळत नाही. शंभर चौरस फूट तयार भिंतीचा हिशेब मांडा. नऊ इंची विटेच्या भिंतीला सुमारे १०७० विटा, साडेतीन पोती सिमेंट आणि जवळपास पाव ब्रास वाळू (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सहा इंची ब्लॉकच्या भिंतीला ७८ ब्लॉक, तूटफूट धरून ८२, आणि केमिकलचं ४० किलोचं एखादं पोतं. तुमच्या गावचे दर घाला, मजुरी घाला, पट्ट्यांची सळई आणि जाळी घाला, मग उत्तर बघा. कारखान्यापासून लांब असाल, तर वाहतूक सगळं गणित फिरवू शकते. जागेचा लाभ वेगळा मोजा: ३० बाय ४० फुटांच्या घराच्या बाहेरच्या भिंती नऊऐवजी सहा इंची केल्या, तर आत सुमारे ३५ चौरस फूट वाढतात. एका बाथरूमएवढी जागा.

माल उतरवून घेताना एक फसवणूक टाळा. सीएलसी नावाचा, फेस मिसळून साच्यात ओतलेला हलका ब्लॉक असतो. तो वाफेवर शिजवलेला नसतो आणि बराच जास्त आटतो, पण कधी कधी एएसी म्हणून गळ्यात मारतात. एएसीच्या अंगावर तारेने कापल्याच्या बारीक समांतर रेषा दिसतात. सीएलसीचं अंग साच्यातून निघाल्यासारखं गुळगुळीत असतं. बोट फिरवलं तरी समजतं.

## राहत्या फ्लॅटमध्ये भिंत हलवायची असेल तर

नूतनीकरणात ब्लॉकचा खरा उपयोग आहे. हॉलमधून एक खोली काढायला दहा फुटांची चार इंची विटेची भिंत उभारली, तर प्लास्टरसह स्लॅबवर दोन टनांहून जास्त भार येतो. ब्लॉकने तो निम्म्याच्या आत राहतो. तरीही खाली बीम आहे की नुसता स्लॅब, हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि जुन्या, बिनकॉलमच्या इमारतीत मधली भिंत 'नुसती आडभिंत आहे' या कुणाच्याही तोंडी शब्दावर पाडू नका. त्या इमारतींत भिंतीच मजले पेलतात.

## भेगा पडल्याच असतील तर

लगेच बुजवू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, रुंदीजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा. एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या, म्हणजे भिंत वाळून स्थिर होईल. आधी भरलेली भेग पुन्हा उघडते आणि रंगाचा खर्च दोनदा होतो.

मग भेग व्हीच्या आकारात साधारण एक सेंटिमीटर उघडा, धूळ काढा, ताणणारा अ‍ॅक्रिलिक फिलर भरा, वर फायबरच्या जाळीची पट्टी, त्यावर पुट्टी. पांढरं सिमेंट भरू नका, ते ताणत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोकून बघा. तिथला आवाज बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा, फुटक्या मडक्यासारखा आला, तर प्लास्टर भिंतीपासून सुटलं आहे. तेवढा भाग काढून, जाळी मारून नव्यानेच करावा लागेल.

फ्लॅट नोंदणीकृत प्रकल्पातला असेल, तर हा खर्च तुमचा नसूही शकतो. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या १४ व्या कलमानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार तोंडी किंवा ग्रुपवर नको, लेखी करा, पोच घ्या, आणि तारखांसह ते फोटो जोडा. पत्रात 'भिंतीला तडे' एवढंच न लिहिता 'हॉलच्या पूर्व भिंतीवर, कॉलमलगत उभी भेग, लांबी आठ फूट, रुंदी एक मिलिमीटर' असं लिहा. आणि नुसती पुट्टी ओढून देऊ नका, भेग उघडून जाळी मारून हवी, ही मागणीही त्याच पत्रात लिहा.